परत आलेल्या माणसाचं आपण काय करतो?

१९६२ च्या युद्धात पकडले गेलेले मेजर धनसिंग थापा मे १९६३ मध्ये चीनच्या कैदेतून सुटून घरी आले तेव्हा घरच्यांनी त्यांचे अंत्यविधी कधीच करून टाकले होते. पत्नी विधवेसारखी राहत होती. सरकारने परमवीर चक्र जाहीर केलं होतं तेही मरणोत्तर म्हणून. आणि आता हा माणूस जिवंत समोर उभा. मग पुरोहित बोलावले, मुंडण झालं, नव्याने नाव ठेवलं, म्हणजे एका पस्तिशीतल्या मेजरचं अक्षरशः बारसं, आणि स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावलं, कारण ज्याचे दिवस घातले तो माणूस परत जिवंतांत यायचा असेल तर त्याला जन्मापासून सगळे संस्कार पुन्हा करावे लागतात अशी समजूत.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भरून आलं होतं. पण नंतर कधीही आठवली की वेगळाच विचार येतो. घरच्यांकडे निदान एक विधी तरी होता. मेलेला समजलेला माणूस परत आला तर त्याला घरात कसं घ्यायचं हे त्यांना माहीत होतं. एक देश म्हणून, एक समाज म्हणून आपल्याकडे असं काही आहे का? जो सैनिक लढला, पकडला गेला, शत्रूच्या तुरुंगात राहिला आणि परत आला त्याला आपण नक्की कुठे बसवतो? माझं म्हणणं असं आहे की कुठेच बसवत नाही. आपल्याला गेलेला सैनिक कळतो, जिंकून आलेला कळतो, पण कैदेतून परत आलेला सैनिक आपल्याला कळतच नाही, आणि हे चूक आहे, आणि ते बदलायला हवं. सगळा लेख याचसाठी लिहिते आहे.

आधी थापांबद्दल, कारण नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं पण त्यापुढे गाडी जात नाही.

जन्म १० एप्रिल १९२८, शिमल्याला. ऑगस्ट १९४९ मध्ये आठव्या गोरखा रायफल्सच्या पहिल्या बटालियनमध्ये अधिकारी म्हणून दाखल झाले. १९६२ ला ही बटालियन लडाखमध्ये होती. तेव्हा आपलं धोरण असं होतं की चीन पुढे सरकतोय तर आपणही पुढे छोट्या छोट्या चौक्या टाकायच्या, मग तिथे माणसं किती, दारूगोळा किती, रसद पोचणार कशी, मागून मदत यायची तर किती तास लागणार हे नंतर बघू. त्यातलीच एक सिरिजाप १, पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर. चुशूलच्या धावपट्टीच्या बचावासाठी ती महत्त्वाची. थापांकडे तिथे माणसं किती होती? २८. मी टाइप करताना चुकले नाहीये, अठ्ठावीस. मागे सरोवराचं गार पाणी, पाठीमागच्या लोकांशी संबंध ठेवायचा तर बोटीने नाहीतर वायरलेसवर.

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे तोफा आणि उखळी मारा सुरू झाला. वायरलेस सेट त्यातच गेला, म्हणजे जगाशी संपर्क संपला. त्यानंतर पायदळाचा हल्ला, समोर साधारण सहाशे सैनिक होते असं सांगतात. तो परतवला. मग पुन्हा तोफा, पुन्हा हल्ला, तोही परतवला. तिसऱ्यांदा ते रणगाडे घेऊन आले. तोवर चौकीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं उरली होती. परमवीर चक्राच्या मानपत्रात शेवटचा प्रसंग असा आहे की चौकी पडली तेव्हा मेजर थापा खंदकातून बाहेर आले, हातघाईच्या लढाईत शत्रूचे कित्येक सैनिक मारले आणि अखेर त्यांना काबूत आणलं गेलं.

इथे मानपत्र संपतं. म्हणजे त्यानंतर एक वाक्य येतं धैर्याबद्दल आणि सैन्याच्या परंपरेबद्दल, पण गोष्ट संपते ती इथे. काबूत आणलं गेलं, पूर्णविराम.

आता मानपत्राला मी दोष देत नाही, ते लिहिलं गेलं तेव्हा लिहिणाऱ्यांना पुढचं माहीतच नव्हतं. बोट घेऊन बघायला गेलेल्यांना दुरून जे दिसलं त्यावरून तिथे कुणी वाचलं नसावं असाच निष्कर्ष निघाला, आणि दुसरा निघणार तरी काय होता. प्रत्यक्षात तिघं जण जिवंत पकडले गेले होते. पण पुढे जेव्हा कळलं की मेजर जिवंत आहेत, ते परत आले, सैन्यात पुढे सतरा वर्षं नोकरी करून १९८० मध्ये लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले, तेव्हा तरी त्या पूर्णविरामाच्या पुढचं आपण लिहायला हवं होतं ना. ते लिहिलंच गेलं नाही. कैदेतल्या त्या सहा-सात महिन्यांबद्दल जे काही सांगितलं जातं ते दोन ओळींचं आहे. चिनी सैनिक मारले म्हणून त्यांना कैदेत शिक्षा भोगावी लागली आणि भारत सरकारच्या आणि सैन्याच्या विरोधात निवेदन द्यायला त्यांनी नकार दिला म्हणूनही. बस.

मला विचाराल तर ही दुसरी ओळ सिरिजापच्या लढाईइतकीच मोठी आहे. थोडं थांबून विचार करा. लढाईत माणूस एकटा नसतो, हातात शस्त्र असतं, शेजारी आपली पोरं असतात, अंगात एक आवेश असतो, आणि सगळं काही तासांत संपतं. कैदेत यातलं काहीही नाही. हातात काही नाही, शेजारी आपलं कुणी नाही, थंडी आहे, भूक आहे, आणि समोरचा माणूस रोज सांगतोय की एका कागदावर सही कर, तुझ्या सरकारने तुला कसं मरायला पाठवलं ते बोल, बाकी काही नको. आणि यातली वाईट गोष्ट अशी की त्यात थोडं खरंही आहे! २८ माणसं घेऊन त्यांना तिथे बसवलं होतंच की. तरीही हा माणूस नाही म्हणतो. दिवसेंदिवस नाही म्हणतो. हे नाही म्हणताना बघायला कुणी नाही, त्यासाठी मानपत्र लिहिणारं कुणी नाही, आणि घरी आपले दिवस घालून झालेत हेही त्याला माहीत नाही. याला पराक्रम म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

थापांच्या नावावर आज बऱ्याच गोष्टी आहेत. शिपिंग कॉर्पोरेशनने ऐंशीच्या दशकात परमवीरांच्या नावाने तेलवाहू जहाजं आणली त्यात एक त्यांच्या नावाचं होतं. २३ जानेवारी २०२३ ला अंदमानातल्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावं दिली त्यात एक त्यांचं. आणि पँगाँगच्या उत्तर काठावर फिंगर ३ जवळ (सरोवरात उतरणाऱ्या डोंगरांच्या सोंडांना सैन्य फिंगर म्हणतं) सैन्याचं धनसिंग थापा पोस्ट आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्हीकडची सैन्यं मागे घ्यायचं ठरलं तेव्हा संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं होतं की आपलं सैन्य फिंगर ३ जवळच्या धनसिंग थापा पोस्टवर राहील, तेव्हा टीव्हीवर दोन दिवस हे नाव सारखं ऐकू येत होतं. सिरिजाप मात्र आज चीनच्या ताब्यात आहे.

आम्ही लडाखला गेलो होतो तेव्हा पँगाँगला एक रात्र राहिलो. सगळे फोटो काढत होते, पाण्याचा रंग खरंच वेड लावणारा आहे, सकाळी एक आणि दुपारी दुसराच. मी ड्रायव्हरदादांना विचारलं सिरिजाप कुठल्या बाजूला, त्यांनी पूर्वेकडे हात केला आणि म्हणाले, तिकडे, पण तिकडे कुणी जात नाही मॅडम. आम्ही बारा-पंधरा जण होतो ग्रुपमध्ये, सगळे शिकलेले, वाचणारे, मी त्यांना थापांची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी गप्प बसून ऐकली. लढाईचा भाग संपला आणि मी म्हटलं की मग ते पकडले गेले, तर आमच्यातले एक काका पटकन म्हणाले, "अरेरे." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण तो "अरेरे" माझ्या डोक्यातून गेला नाही. मी जर म्हटलं असतं की ते तिथे धारातीर्थी पडले तर काका अरेरे म्हणाले नसते, त्यांनी हात जोडले असते.

हे एका काकांचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे. १९६२ च्या युद्धात फक्त तीन परमवीर चक्रं दिली गेली. थापा, लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत लढलेले मेजर शैतानसिंग आणि तवांगच्या बाजूला लढलेले सुभेदार जोगिंदरसिंग. या तिघांपैकी दोघं पकडले गेले होते हे किती जणांना माहिती आहे? जोगिंदरसिंग जखमी अवस्थेत चीनच्या ताब्यात गेले आणि कैदेतच वारले, पुढच्या मे महिन्यात त्यांच्या अस्थी परत आल्या. म्हणजे त्या युद्धातल्या सर्वोच्च शौर्याच्या तीन गोष्टींपैकी दोन गोष्टी युद्धकैद्यांच्याही आहेत. पण आपण त्या तशा सांगत नाही.

जवळपास चार हजार भारतीय सैनिक त्या युद्धात कैद झाले होते. त्यात एक ब्रिगेडियर होते, जॉन परशुराम दळवी. नाव वाचूनच कळतं की आपल्याकडचं आडनाव आहे. आजच्या अरुणाचलमधल्या नामका चू नदीवर सातव्या ब्रिगेडचे ते प्रमुख, ब्रिगेड उद्ध्वस्त झाल्यावर २२ ऑक्टोबरला पकडले गेले, सात महिने कैदेत. मे १९६३ मध्ये त्यांना आणि इतर अधिकाऱ्यांना कलकत्त्याला डमडम विमानतळावर आणलं. त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलंय की स्वागत शिस्तीत झालं पण त्यात एक गारठा होता, आणि मग त्यांना कळलं की आपल्याकडे संशयाने बघितलं जातंय, चीनने यांचं ब्रेनवॉशिंग केलं असेल असा संशय, आणि तो आपणच दूर करायचाय. तिथून चौकशीसाठी रांचीला. कैद्यांना जणू वाळीत टाकलं होतं अशीच त्यांची भावना झाली.

ज्या ब्रिगेडला उन्हाळी कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यावर, नदीच्या खालच्या काठावर उभं केलं, आणि वरच्या डोंगरावर शत्रू हे दिसत असतानाही उभंच ठेवलं, त्या ब्रिगेडच्या माणसांनी परत आल्यावर सिद्ध करायचं की आम्ही अजून देशाचेच आहोत. उभं करणाऱ्यांना मात्र असं काही सिद्ध करावं लागलं नाही. मला याचा आजही राग येतो, साठ वर्षांनी, माझा त्या घटनेशी काहीही संबंध नसताना.

इथे कुणीतरी म्हणेल की बाई, चौकशी तर करावीच लागते, शत्रूच्या ताब्यात राहून आलेला माणूस आहे, त्याने काय सांगितलं, शत्रूचं काय बघितलं, हे विचारायला नको का. हवंच. सगळ्या देशांचं सैन्य ते करतं आणि ते बरोबर आहे. पण विचारणं वेगळं आणि संशय घेणं वेगळं. एकाच खोलीत, तेच प्रश्न, पण विचारणारा "बाबा, तू काय सोसलंस, आम्हाला सांग, पुढच्या पोरांना उपयोग होईल" अशा सुरात विचारू शकतो, नाहीतर "तू तिथे काय काय बोललास" अशा सुरात. परत आलेल्या माणसाला तो सूर लगेच कळतो.

आणि फक्त कैद्यांचंच नाही, जिवंत परत येण्याचाच आपल्याला संशय. रेझांग लावर शैतानसिंगांच्या कंपनीतले जवळपास सगळे गेले, जे मोजके वाचले त्यांनी मागे येऊन सांगितलं की आम्ही शेवटच्या गोळीपर्यंत लढलो, तर सुरुवातीला त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. फेब्रुवारी १९६३ मध्ये बर्फात मृतदेह सापडले, आपापल्या खंदकात, हातात शस्त्रं तशीच, तेव्हा पटलं. म्हणजे जिवंत माणसाची साक्ष पुरली नाही, मेलेल्यांची साक्ष लागली.

आपल्या मराठी लोकांना तर हे जास्त कळायला हवं, कारण कैद हा आपल्या इतिहासाचा केवढा मोठा भाग आहे बघा. आग्र्याहून सुटका आपल्याला पाठ आहे, पेटारे, मिठाई, सगळं. संभाजी महाराजांची कैद आणि त्यांचं बलिदान आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. आणि येसूबाई? १६८९ च्या शेवटी रायगड पडला तेव्हा त्या लहानग्या शाहूला घेऊन मोगलांच्या कैदेत गेल्या आणि सुटून आल्या १७१९ ला. जवळपास तीस वर्षं! शाहू १७०७ ला सुटले तरी आई मागे ओलीसच राहिली. तीस वर्षं त्या बाईने शत्रूच्या छावणीत स्वतःला आणि मुलाला राजघराण्याचं म्हणून टिकवून ठेवलं, नवरा ज्यांनी हाल करून मारला त्यांच्याच तंबूंच्या मध्ये राहून. पण शाळेत आम्हाला त्याबद्दल किती होतं? एक-दोन वाक्यं. पळून जाण्यात कथा आहे, मरण्यात तेज आहे, टिकून राहण्यात आपल्याला काहीच दिसत नाही असं वाटतं.

१९७१ चं बघा. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, आपल्या हवाई दलाचे, १० डिसेंबर १९७१ ला विमान पडून पाकिस्तानच्या ताब्यात गेले. रावळपिंडीच्या कॅम्पमधून ऑगस्ट १९७२ मध्ये त्यांनी गरेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सहकाऱ्यांबरोबर भिंतीला भोक पाडून पलायन केलं, थेट अफगाण सीमेजवळ लंडी कोतलपर्यंत पोचले आणि तिथे लंडी खाना स्टेशनबद्दल विचारलं म्हणून पकडले गेले, कारण ते स्टेशन कित्येक वर्षांपूर्वी बंद पडलं होतं, जुन्या नकाशावर मात्र होतं. भन्नाट गोष्ट आहे आणि ती सांगितली गेली हे चांगलंच झालं, त्यावर सिनेमाही आला. पण त्याच कॅम्पमध्ये जे मागे राहिले, ज्यांनी भोक पाडायला मदत केली, आवाज झाकले आणि स्वतः न पळता मागची शिक्षा झेलली, त्यांची गोष्ट आपण विचारली का?

किंवा करिअप्पांचं उदाहरण घ्या. १९६५ मध्ये माजी सेनाप्रमुख करिअप्पांचा मुलगा, हवाई दलातला वैमानिक, युद्धाच्या अगदी शेवटी पाकिस्तानात पकडला गेला. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांनी जुन्या ओळखीमुळे त्याची खास काळजी घेऊ असा निरोप पाठवला आणि वडिलांनी उलट कळवलं की तिथले सगळेच कैदी माझे मुलगे आहेत, सगळ्यांना सारखंच वागवा. हा किस्सा दर १५ ऑगस्टला फॉरवर्ड होऊन येतो आणि यायलाच हवा, फार मोठं बोलणं आहे ते. पण त्यात मुलगा कुठे आहे? त्याने ते महिने कसे काढले, एकट्याने, जखमी पाठीने? पुढे तो एअर मार्शल झाला हे तरी किती जणांना माहितीये? बापाचं वाक्य आपल्याला पाठ आणि मुलाची कैद कुणी विचारत नाही.

आता नेहमीचा आक्षेप. मी हे बोलले की लोक म्हणतात, पकडलं जाण्याला मोठेपणा दिलात तर उद्या सैनिक लवकर हात वर करतील. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते कारण तो सैन्यातली माणसंसुद्धा बोलून दाखवतात. पण मला तो पटत नाही. एक तर सिरिजापला हात वर कुणीच केले नव्हते, थापा लढता लढता पकडले गेले, बेशुद्ध पडलेला किंवा गोळ्या संपलेला माणूस पकडला जातो यात त्याची निवड कुठे आली. दुसरं, सैनिक कशासाठी लढतो हे ज्याने एकदाही सैनिकाशी गप्पा मारल्यात त्याला माहीत असतं, तो शेजारच्यासाठी लढतो, पलटणीच्या नावासाठी लढतो, पकडलो गेलो तर पदक मिळेल असा हिशोब करून कुणी खंदकात बसत नाही. आणि तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पकडल्या गेलेल्या माणसाला जर माहीत असेल की माझा देश मला विसरणार नाही, परत गेल्यावर माझ्याकडे तिरक्या नजरेने बघणार नाही, तर तो कैदेत जास्त ताठ राहील. ज्याला वाटतं की आपण घरच्यांसाठी संपलोच, त्याला मोडणं सोपं असतं. शत्रूचा चौकशी अधिकारी नेमकं हेच सांगत असतो ना, की तुझ्या लोकांनी तुला सोडून दिलंय. ते खोटं ठरवणं आपल्या हातात आहे.

अमेरिकेने १९८५ मध्ये युद्धकैद्यांसाठी वेगळं पदक सुरू केलं. त्यात अट आहे की कैदेत वागणूक सन्मानाची असली पाहिजे, म्हणजे सरसकट सगळ्यांना नाही. त्यांचं सैन्य त्यामुळे हात वर करायला लागलं असं काही झालेलं नाही. आपल्याकडे लढाईत जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक आहे, फार योग्य आहे ते, शरीराला झालेली जखम देश मान्य करतो. मग शत्रूच्या तुरुंगातले महिने ही जखम नाही का? त्यासाठी वेगळं पदक आपल्याकडे नाही. मला वाटतं असावं. ते मरणोत्तरही द्यावं, १९६२, १९६५, १९७१, १९९९ च्या सगळ्यांना, अटींसकट, चौकशी करून. १९६२ चे त्यातले फार थोडे आता हयात असतील. पदक हा धातूचा तुकडा आहे हे मलाही कळतं, पण त्याने एक गोष्ट होते, ती म्हणजे कागदावर लिहावं लागतं की या माणसाने इथून इथपर्यंत काय सोसलं. मानपत्र त्या पूर्णविरामाच्या पुढे जातं.

आणि सामान्य माणसांचं काय, म्हणजे तुमचं माझं? २७ फेब्रुवारी २०१९ आठवा. विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हद्दीत पडले आणि तासाभरात त्यांचे व्हिडिओ आपल्या फोनवर होते. रक्ताने माखलेला चेहरा, डोळ्यांवर पट्टी. जिनिव्हा करारात, १९४९ च्या, स्पष्ट आहे की युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघेगिरीपासून वाचवलं पाहिजे. आपल्या परराष्ट्र खात्याने त्या दिवशी जखमी अधिकाऱ्याच्या त्या प्रदर्शनावर आक्षेपही घेतला. पण प्रदर्शन मांडणारे तिकडचे आणि ते घरोघर पोचवणारे आपण. माझ्या कुटुंबाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ चार वेळा आला, मी तिथे चिडून लिहिलं की प्लीज हे पाठवू नका, त्यांच्या आईवडिलांचा विचार करा, तर उत्तर आलं की अगं बघ ना किती शूर आहे. तो शूर आहे म्हणूनच नको ना! त्याच करारात असंही आहे की कैद्याने फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढंच सांगणं बंधनकारक आहे, आणि त्या माणसाने तसल्या अवस्थेतसुद्धा साधारण तेवढंच सांगितलं, पुढच्या प्रश्नांना नम्रपणे नाही म्हणाला. १ मार्चला ते परत आले, नंतर वीर चक्र मिळालं. पण परत आल्यावरही किती दिवस चर्चा काय होती, तर कैदेतच काढलेल्या दुसऱ्या एका व्हिडिओत ते पाकिस्तानी सैन्याबद्दल चांगलं का बोलले. टीव्हीवर पॅनेल बसवून चर्चा. रांचीची ती खोली आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आलीये आणि चौकशी अधिकारी आपण सगळे झालोय. पुढच्या वेळी, आणि पुढची वेळ न येवो, निदान एवढं ठरवू की शत्रूने काढलेला कैद्याचा व्हिडिओ आपल्या हातून पुढे जाणार नाही आणि कैदेत कॅमेऱ्यासमोर तो जे बोलला त्यावरून त्याला तोलणार नाही.

थापा ५ सप्टेंबर २००५ ला गेले. पुण्यात गेले. मी तेव्हा पुण्यातच शिकत होते, एनसीसीत होते, परमवीरांची यादी स्पर्धेसाठी पाठ केली होती, आणि ज्या शहरात मी सायकलवरून फिरत होते तिथे त्या यादीतला एक माणूस शेवटचे श्वास घेतोय हे मला माहीत नव्हतं. त्यांना कुणी कधी शांतपणे बसून विचारलं असेल का की साहेब, त्या महिन्यांबद्दल सांगा? घरच्यांनी विचारलं असेल, पलटणीतल्यांनी विचारलं असेल, पण ते आपल्यापर्यंत, शाळेच्या पुस्तकापर्यंत आलं नाही.

आणि थापा तर परत आले. जे आलेच नाहीत त्यांचं काय? पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही, भाऊ परत येतील म्हणून, आणि मग बारा-पंधरा वर्षांनी तोतया आला तेव्हा सगळा महाराष्ट्र ढवळून निघाला कारण आशा सगळ्यांनाच होती. हे आपण इतिहास म्हणून वाचतो. पण १९७१ चे बेपत्ता सैनिक हा इतिहास नाहीये. सरकारच्या म्हणण्यानुसार असे बेपत्ता एकूण ८३ जण, सगळे १९७१ चेच नव्हेत, त्यांतले बरेच पाकिस्तानच्या कैदेत असावेत असं आपण इतकी वर्षं म्हणतोय, पाकिस्तान नाही म्हणतंय. फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे डिसेंबर १९७१ मध्ये विमान पडून बेपत्ता झाले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं तिकडच्या एका पेपरात छापून आली होती त्यात तांबे या नावाशी जुळणारं नाव होतं. त्यानंतर दमयंतीताईंनी आयुष्यभर मंत्रालयांचे उंबरे झिजवले. पाकिस्तानचे ९३ हजार युद्धकैदी आपण परत पाठवले तेव्हा आपल्या माणसांची यादी टेबलावर का ठेवली गेली नाही हा या कुटुंबांचा प्रश्न आहे आणि त्याचं सरळ उत्तर त्यांना कुठल्याही सरकारने, कुठल्याही पक्षाच्या, दिलेलं नाही.

२००७ मध्ये चौदा नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग बघायला नेलं होतं, दमयंतीताईही त्यात होत्या. छत्तीस वर्षांनंतर. तुरुंगामागून तुरुंग बघितले आणि ते सगळे जसे गेले तसेच परत आले.

थापांच्या घरी निदान पुरोहितांना ठरवता आलं की आधी कुठला विधी रद्द करायचा आणि कुठला नव्याने करायचा. या घरांत अजून तेही ठरलेलं नाही.